न कळकणारा धातू

मिरजगाव, ४ ऑगस्ट १९४४

शाईच्या पुड्या बाजारातून नाहीशा झाल्यापासून अण्णांच्या पोस्टातसुद्धा दौत जपून वापरतात. म्हणून ही वही शिसपेन्सिलीने लिहीत आहे. अक्षर फिकट उमटते आणि मला ते आवडते. हळू आवाजात बोलल्यासारखे वाटते.

मी मदतीला जाते त्या डॉ. सरोजिनीबाईंच्या प्रसूतिगृहात आज बैलगाडीतून जाड काचेची सहा भांडी उतरली. नगरच्या एका फिरत्या सिनेमावाल्याने धंदा आवरला, त्याच्याकडून बाईंनी ती आणवली. प्रत्येकात करड्या पत्र्यांची दाट रांग टांगलेली आहे आणि वर दोन ठोंब आलेले आहेत. शाळेच्या पदार्थविज्ञानात ‘संचायक विद्युत्‌घट’ म्हणून आकृती होती: वीज आत भरावी, हवी तेव्हा काढावी, संपली की पुन्हा भरावी. मॅट्रिकला त्या आकृतीचे सगळे गुण मला मिळाले होते आणि केंद्रात मी पहिली आले होते. खरा घट मात्र आज प्रथम पाहिला. आकृतीला आम्लाचा वास नव्हता.

बाईंना हे घट दिव्यासाठी हवे आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याला ईथर हुंगवतात. ईथरची वाफ जड असते. ती जमिनीवरून सरपटत जाते आणि कंदिलाच्या ज्योतीपर्यंत पोचली की भडकते. दिवसा खिडकीजवळ काम भागते. पण बाळंतपण उजेड पाहून येत नाही.

दुपारी कडूबाई आली. तिच्या कटीचे हाड अरुंद आहे. पहिली दोन मुले वाटेतच गुदमरून गेली. आता चौथा महिना आहे. बाईंनी तिला स्पष्ट सांगितले की हे मूल पोट उघडूनच काढावे लागेल आणि त्यासाठी तिने आधीपासून नगरच्या मोठ्या इस्पितळात जाऊन राहावे.

“न्हाई,” कडूबाई म्हणाली. “माझी जाऊ गेल्ती नगरला. तिचं लुगडं तेवढं माघारी आलं. फाडायचं तर तुमीच फाडा.”

तिची सासू भीमाबाई शेजारी बसली होती. ती म्हणाली, “आन् मोटार तरी कुठं येळंवर येती? कोळशावर चालती ती. चढ आला की आमीच ढकलतो. असल्या पोटुशीला बी ढकलाया लावत्याल.”

बाईंनी बराच वेळ कडूबाईच्या पोटावरचा हात काढला नाही. मग म्हणाल्या, “तर मग मला दिवा लागेल.”

घटांना एकमेकांशी जोडणाऱ्या पट्ट्या सिनेमावाल्याने आधीच काढून विकल्या आहेत. लढाईमुळे भंगारालाही मान आला आहे. “पट्ट्या कशाच्या करायच्या, ते तू शोध,” बाई म्हणाल्या. मी मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

७ ऑगस्ट

बाईंचे डोळे अधू आहेत. छापील इंग्रजी वाचले की त्यांना शीण येतो, म्हणून रोज दुपारी त्या मला मोठ्याने वाचावयास सांगतात. माझी शाळा मराठी. उच्चार चुकतात आणि कान तापतात. परंतु मुंबईस वैद्यक शिकून स्वतःहून या कोरड्या मुलखात आलेल्या बाईने माझ्यासारख्या मुलीपुढे आपली उणीव कबूल करावी, यात केवढा मोठेपणा आहे. (सुईत दोरा मात्र त्या पहिल्या खेपेस ओवतात. तो हाताच्या सवयीने ओवला जात असावा.)

घटांबरोबर आलेले सूचनापत्र आज वाचून दाखवले. त्यात एक वाक्य ठळक छापले आहे. मी वाचले, “द सेल्स मस्ट बी जॉइण्ड विथ लीड स्ट्रॅप्स ओन्ली.” बाई त्या वेळी एका मुलाचे गळू कापत होत्या, मान न वळवता त्यांनी विचारले, “म्हणजे काय गं?”

मी कोश पाहिला. ‘लीड’ म्हणजे नेणे, पुढारीपण, आणि शेवटी, वीज नेणारी तार. तो अर्थ इतका नेमका बसला की पान उलटण्याची गरज भासली नाही. मी सांगितले, “घट केवळ वीज नेणाऱ्या पट्ट्यांनीच जोडावेत.”

“आणि वीज चांगली कोण नेतं?”

माझ्या शाळेच्या वहीत वाहकतेचे कोष्टक आहे. चांदी पहिली, तांबे दुसरे. मग जस्त, पितळ, लोखंड अशी उतरंड लागते आणि शिसे पार तळाशी आहे. चांदी म्हणणे हास्यास्पद झाले असते. मी तांबे म्हटले.

१९ ऑगस्ट

दिवा लागला.

तांबटाने पट्ट्या ठोकून दिल्या. त्या पितळी स्क्रूच्या चिमट्यांनी ठोंबांना आवळल्या: एका घटाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकास, अशी सहांची रांग. श्रीमंतभाऊंची पिठाची गिरणी प्रसूतिगृहाच्या भिंतीला लागूनच आहे. त्यांनी इंजिनाच्या पट्ट्यावर जुन्या मोटारीचा डायनॅमो चढवला आणि भिंतीतून तार आणून घट भरून दिले. त्यांचे नाव श्रीमंत. भुवयांपर्यंत सदा पीठ.

“ताई, ज्वारी दळता दळता वीज दळाया लागलो बघा,” ते मला म्हणाले. घरी आल्यावर तीन चांगली उत्तरे सुचली.

मोटारीच्या पुढच्या दिव्याचा गोळा बाईंनी लांब तारेने मेजावर टांगला आहे, हवा तिकडे तो हाताने धरता येतो. त्याचा उजेड पांढरा, स्थिर, कशालाही न घाबरणारा. भीमाबाईने त्याला लांबून तळहात दाखवला. “ऊब हाय, पन धूर न्हाई,” ती म्हणाली आणि कडूबाईकडे वळून, “तुझं बेस हुईल.”

तांब्याच्या पट्ट्या उजेडात लालसर झळकत होत्या. सुंदर धातू आहे.

२१ सप्टेंबर

पट्ट्यांना शेवाळ धरल्यासारखे झाले आहे. स्क्रूच्या भोवती हिरवे-निळे फुलोरे आले आहेत. बोट लावले की भुकटी होते. तो मोरचूद आहे. घट भरताना बुडबुड्यांबरोबर आम्लाचे तुषार उडतात, ते तांब्याला खातात. दिवाही पूर्वीइतका पांढरा राहिलेला नाही.

“काय वाटतं तुला?” बाईंनी विचारले. बाई नेहमी हेच विचारतात. इतके ज्ञान असून दुसऱ्याचे मत आधी ऐकून घेण्याची ही त्यांची रीत मला फार थोर वाटते. मला मात्र काहीच वाटत नव्हते.

संध्याकाळी आई पितळी पातेले उजेडात धरून म्हणाली, “कल्हई उडाली गं. आता ह्यात ताक ठेवलं तर कळकणार.”

मी तशीच उठून बाईंकडे गेले. आंबट आणि तांबे-पितळ यांचे वैर आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरास ठाऊक आहे. त्यावर प्रत्येक घरात एकच उपाय आहे. आम्ल म्हणजे तरी काय, फार आंबट ताकच. पट्ट्यांना कल्हई करावी.

९ ऑक्टोबर

कल्हईवाला येऊन गेला. पट्ट्या निखाऱ्यात तापवल्या, नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर उठला आणि कापसाच्या बोळ्याखाली तांब्याची चांदी झाली. बाईंनी एक पट्टी बांगडीसारखी मनगटाजवळ धरून पाहिली.

हे मला सुचले होते. असे वाटणे बरे नव्हे, तरी लिहून ठेवते.

२ नोव्हेंबर

आज जे झाले ते झाल्या क्रमाने लिहिते.

दिवेलागणीच्या सुमारास एका शेतकऱ्याच्या बायकोला गाडीतून आणले. पोटात गर्भनळी फुटून रक्त साठले होते. थांबणे शक्य नव्हते. आयाने ईथर दिले, मी दिवा धरला. बाईंनी पोट उघडले आणि त्यांची बोटे आत असतानाच दिवा तांबडा झाला, थरथरला आणि विझला.

भेदरून आयाच कंदील घेऊन दारात आली. “बाहेर,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “कंदील अंगणात ठेव. नीलांबरी, तू मोजत राहा.”

“काय मोजू?”

“तिचे श्वास. मोठ्याने.”

मी मोजत राहिले. खिडकीतून राखेच्या रंगाचा उजेड येत होता, तोही क्षणाक्षणाला कमी होत होता. बाईंनी बोटांनीच वाहती शीर शोधली, चिमटा लावला, गाठ मारली. त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटले देवाचे नाव. नंतर कळले की त्या शरीररचनेची पाठ केलेली यादी म्हणत होत्या. ती शेतकरीण वाचली. असे हात मी या जन्मी पुन्हा पाहीन असे वाटत नाही.

नंतर घटांपाशी गेले. वरून सगळ्या पट्ट्या अजून चांदीसारख्या होत्या. तिसऱ्या घटावरचा स्क्रू सोडवला. स्क्रूने आवळताना कल्हई ओरखडली होती. त्या ओरखड्यातून आम्ल आत शिरले होते आणि खाली तांब्याच्या जागी हिरवा चिखल होता. नवसागराचा अंशही धुतला गेला नसावा. तो क्षार आहे, त्याने आगीत तेल ओतले.

बाई हात धूत होत्या. मी म्हटले, “बाई, कल्हई माझ्या सांगण्यावरून केली. नगरहून कोणी जाणता बोलवावा.”

“बोलवते,” त्या म्हणाल्या. “तो येईपर्यंत तू काय करणार आहेस?”

५ नोव्हेंबर

कडूबाई तपासणीला आली होती. दिवा विझल्याची वार्ता तिच्या वस्तीपर्यंत पोचली आहे.

“आता तरी नगरला जातेस का?” बाईंनी विचारले.

“तुमी आंधारात बी टाके घातले म्हनत्यात.”

“एकदा जमलं. मूल काढताना एकाच्या जागी दोन जीव असतात, कडूबाई.”

कडूबाईने माझ्याकडे पाहिले. तिचे पोट आता चांगले दिसू लागले आहे. “ही मास्तरीन हाय की,” ती म्हणाली. “करंल कायतरी.”

मी मास्तरीण नाही.

१२ नोव्हेंबर

नगरचा जाणता अजून आला नाही. पेट्रोल मिळत नसावे.

घटांच्या वर एक फळी ठोकून घेतली आहे. तिच्यावर दोऱ्याने धातूंचे तुकडे टांगले: तांबे, पितळ, लोखंड, जस्त, कथील आणि शिसे. शिशाचा तुकडा श्रीमंतभाऊंनी मासे पकडण्याच्या जाळ्याचा दिला.

“ह्ये काय, ताई, तोरन बांदलं का?”

“परीक्षा आहे,” मी म्हटले. हे उत्तर जागच्या जागी सुचले.

“आन् नापास झाला त्यो?”

“तो गळून पडेल.”

श्रीमंतभाऊ इतके हसले की भुवयांचे पीठ उडाले. त्यांच्याशी बोलताना जीभ आता अडखळत नाही.

३ डिसेंबर

लोखंड सर्वांत आधी गेले. त्याचे पापुद्रे निघाले. जस्ताला भोके पडली. पितळ आणि तांबे हिरवे झाले आहेत, आणि त्यांचे हिरवे पाणी ओघळून फळी डागाळली आहे. कथील बराच काळ तगले, पण कडेने कुरतडले गेले.

शिशाकडे मी इतके दिवस नीट पाहिलेही नव्हते. तुकडा कापला तेव्हा तो निळसर चमकला होता. दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर पांढुरकी साय धरली, आणि मला वाटले की हाही गेला. परंतु ती साय आहे तेवढीच राहिली. आज चाकूने खरवडले, तर खाली पहिल्या दिवसाचे शिसे जसेच्या तसे. आम्लाचा पहिला घाव बसतो तेव्हाच हा धातू त्या घावाचे कवच करतो. आणि ते कवच आम्लात विरघळत नाही. तांब्याचा मोरचूद विरघळतो, ओघळतो, दर वेळी नवे तांबे उघडे पाडतो. फरक एवढाच आहे.

मग घटाकडे पाहिले आणि बसूनच राहिले. आतले पत्रे शिशाचे. वरचे ठोंब शिशाचे. जो धातू वर्षानुवर्षे आम्लात बुडून उभा आहे त्याला सोडून, वरच्या दोन बोटे हवेसाठी मी इतर धातू शोधत होते.

तरी धीर होत नाही. माझ्या कोष्टकात शिसे तळाशी आहे. सूचनापत्र म्हणते, ‘वीज नेणाऱ्या पट्ट्या’. आणि शिसे तर वीज नेण्यात सगळ्यांत मंद. छापलेले खोटे कसे असेल?

४ डिसेंबर

पेन्सिलीचे टोक मोडले म्हणून चाकू घेतला. सोलताना लाकडावरचे सोनेरी इंग्रजी शब्द वाचले. रोज हातात असून कधी वाचले नव्हते. पहिला शब्द ‘ब्लॅक’. दुसऱ्याची अक्षरे एल, ई, ए, डी.

सूचनापत्रातील तीच चार अक्षरे.

पेन्सिलीला काय म्हणून ‘वीज नेणारी’ म्हणतील? आपण तिला काय म्हणतो? शिसपेन्सिल. मी कोश काढला, तेच पान काढले आणि या वेळी उलटले. मागच्या बाजूस तोच शब्द दुसऱ्यांदा छापलेला होता. उच्चार ‘लेड’, अर्थ, शिसे. आमच्या रसायनाच्या पुस्तकात धातूंची नावे मराठी आणि खुणा लॅटिन. हे इंग्रजी नाव माझ्या डोळ्यांखालून कधी गेलेच नव्हते.

घट केवळ शिशाच्या पट्ट्यांनीच जोडावेत. पहिल्याच आठवड्यात मी ते मोठ्याने वाचले होते. आणि हे सगळे मी त्याच नावाच्या वस्तूने लिहीत होते.

५ डिसेंबर

बाईंना सांगितले. सांगताना मान वर झाली नाही. त्यांनी सूचनापत्र हातात घेतले, ते वाक्य पाहिले आणि खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

“चूक माझी,” त्या म्हणाल्या. “मी डोळ्यांनी वाचायला हवं होतं. तू ‘लीड’ म्हणालीस आणि मी कानांवर विश्वास ठेवला.”

“तुमच्या डोळ्यांना त्रास होतो, बाई. त्यात तुमचा काय दोष?”

त्या एकदम गंभीर झाल्या. “हो,” म्हणाल्या. “तेही आहेच.” मग विचारले, “पेन्सिल आधी दिसली की फळी?”

“फळी.”

“म्हणजे शब्द कळण्याआधी धातू कळला होता.”

“हो. पण धीर नव्हता.”

“तुझ्या कोष्टकात शिसं तळाशी आहे. मग त्याचं काय करणार?”

याचे उत्तर मी रात्रीच काढून ठेवले होते. शिशाचा रोध तांब्याच्या बारापट. म्हणून पट्टी बारापट जाड करायची, अंगठ्याएवढी. दोन घटांमधले अंतर वीतभरही नाही. एवढ्या वाटेत मंद चालणाराही वेळेवर पोचतो. आणि स्क्रू मुळीच नको. ठोंब आणि पट्टी वितळवून एकजीव करायची, म्हणजे आम्लाला शिरायला फटच राहणार नाही.

हे सगळे मी एका दमात बोलले. बोलून झाल्यावर ध्यानात आले की ओटीवर चार-पाच बाया औषधासाठी बसल्या होत्या आणि सगळ्या ऐकत होत्या.

२० डिसेंबर

शिसे कोठून आणायचे, हा प्रश्न श्रीमंतभाऊंनी सोडवला. नगरला शिपाई नेमबाजी करतात त्या चांदमारीच्या टेकडीत रुतलेल्या बंदुकीच्या गोळ्या पावसाने उघड्या पडतात. त्या भंगारात येतात. त्यांनी पिशवीभर आणल्या. गोळी कठीण व्हावी म्हणून शिशात सुरम्याचा धातू मिसळलेला असतो. त्यामुळे पट्टी वाकणार नाही, हा आयताच लाभ.

आज त्या लोखंडी कढल्यात वितळवल्या. गोळ्यांवरची पातळ कवचे तरंगून आली, ती पळीने काढली. खाली आरसा. श्रीमंतभाऊ इंजिनाच्या बेअरिंगात असाच धातू ओततात, त्यामुळे हात बसलेला. साचा मातीचा, तो मी आठ दिवस उन्हात खडखडीत वाळवून घेतला होता, कारण ओल राहिली तर शिसे उसळते.

डाग देण्यापूर्वी, म्हणजे पट्ट्या ठोंबांना वितळवून जोडण्यापूर्वी, मी घटांची झाकणे काढायला लावली आणि सुपाने बराच वेळ वारा घातला. भरलेल्या घटातून निघणारी हवा पेट घेते.

“ताई, मला दळायचं हाय अजून, उडायचं न्हाई,” श्रीमंतभाऊ म्हणाले. “घाला आनखी वारा.”

मी आणखी वारा घातला.

पट्ट्या ओबडधोबड, करड्या आहेत. झळकत नाहीत. भीमाबाईने पाहिल्या आणि म्हणाली, “ही कसली काळी मांजरं बसवली?” दिवा लावला. तो ऑगस्टात होता तितकाच पांढरा होता.

४ जानेवारी १९४५

रोज दिवा लावून पाहते. पट्ट्यांवर साय धरली आहे, आणि तेवढीच आहे.

आत्याने कोपरगावचे एक स्थळ सुचवले आहे. मुलगा मामलेदार कचेरीत आहे. त्यांना मुलगी फार बोलणारी नको. त्या बाबतीत माझ्याविषयी तक्रार येणार नाही, असे आई म्हणाली.

आज बाई स्वतः आमच्या घरी आल्या आणि अण्णांशी दार लोटून बोलल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांचे शब्द ऐकू आले: “इथं ठेवलीत तर कळकून जाईल, सुमंतराव. पुण्याला पाठवा.” उरलेल्या तांब्याच्या पट्ट्यांविषयी असावे. एकच पट्टी की सगळ्या, ते नीट कळले नाही; आणि त्या अण्णांना कशासाठी सांगत होत्या, तेही. आज पट्ट्या पुसून कापडात बांधून ठेवल्या.

१९ जानेवारी

काल झुंजुमुंजू होण्याच्या आधी सहादेव बैलगाडी पळवत आला; आत त्याची बायको कडूबाई आणि आई भीमाबाई. कळा सुरू होऊन बराच वेळ झाला होता. बाईंनी पोटाला नळी लावून ऐकले. “जिवंत आहे,” म्हणाल्या. “पण दमलंय. उजाडेपर्यंत थांबणार नाही.” मग माझ्याकडे वळून, “दिवा?”

मी कळ दाबली.

कडूबाई मेजावर होती. ईथरची जाळी तोंडावर येण्यापूर्वी तिने माझा पदर धरला. “मास्तरीन,” ती म्हणाली, “इझू देऊ नका.”

मी तिला काय सांगितले ते आठवत नाही. दिवा धरून उभी राहिले. बाईंच्या हातांखाली एक एक पदर उघडत गेला; प्रत्येक पदराचा रंग वेगळा होता आणि या उजेडात प्रत्येक वेगळा दिसत होता. मला भोवळ येईल असे वाटले होते, पण आली नाही. मला फक्त उजेड किंचित डावीकडे हवा आहे हे दिसत होते. बाईंनी सांगण्यापूर्वीच मी तो डावीकडे नेला. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले.

मग त्यांनी दोन्ही हात आत घातले आणि एक निळसर, निसरडे माणूस वर काढले. ते रडले नाही. बाईंनी त्याच्या तोंडातला चिकटा बोटाने काढला, पाठ चोळली, पुन्हा चोळली. आया देवाला हाका मारू लागली. दिवा स्थिर होता. त्या स्थिर उजेडातच मला दिसले की निळा रंग प्रथम छातीवरून उतरला, मग पोटावरून, मग ओठांवरून. आणि मग आवाज आला.

मुलगी आहे.

शेवटचा टाका पडेपर्यंत दिवा जळत होता. बाहेर सूर्य वर आला होता. कोणाच्या ते ध्यानात आले नाही. बाई म्हणाल्या, “आता मालवायला हरकत नाही.” मला तो मालवावासा वाटत नव्हता.

३० जानेवारी

आज प्रसूतिगृहाच्या ओटीवरच बारसे झाले. कडूबाईला अजून चालू द्यायचे नाही, म्हणून वस्तीच्या बाया इकडेच आल्या. घुगऱ्या वाटल्या. पाळणा श्रीमंतभाऊंनी दिला. धान्य पाखडण्याचे मोठे सूप दोरांनी टांगून.

नावावरून थोडा खल झाला. ज्या घरात मुले जगत नाहीत, तेथे पुढच्याला गोड नाव ठेवीत नाहीत. मृत्यूची नजर पडू नये म्हणून टाकाऊ वस्तूचे ठेवतात. कडूबाईचे स्वतःचे नाव असेच पडलेले. एकीने धोंडाबाई सुचवले, दुसरीने उकिरडाबाई.

भीमाबाईने हात वर केला. “थांबा गं. मास्तरीन, त्या तुमच्या काळ्या मांजरांला काय म्हनत्यात?”

“शिसे,” मी म्हटले.

“सोनं, चांदी, तांबं, ह्ये समद्यांला हवं असतं. हे कुनाला हवं न्हाई. व्हय ना?”

बाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांची तीच रीत. ओटीवर वीस-पंचवीस बाया होत्या. मी उभी राहिले.

मी सांगितले की तांबे फार चांगले, पण आम्लाजवळ ते कळकते. शिसे दिसायला मळकट. त्यालाही आम्ल डसते, पण पहिला डंख बसला की ते अंगावर साय धरते, आणि मग कोणी त्याचे काही बिघडवू शकत नाही. कडूबाईच्या दिव्याला तेच होते. आवाज पहिल्या वाक्याला कापला. पुढे कापला नाही.

“मंग झालं,” भीमाबाई म्हणाली आणि सुपाकडे वाकली. “शिसाबाई.”

सगळ्या बायांनी कुर्र केले. शिसाबाई झोपेतच होती.

संध्याकाळी बाईंबरोबर घरापर्यंत चालत आले. अण्णा पायरीवर उभे होते. ते मला म्हणाले, “कोपरगावला नाही म्हणून कळवलं.” आणि आत गेले. मला वाटले माझे काही चुकले.

बाईंनी पिशवीतून एक पातळ इंग्रजी पुस्तिका काढली. पुण्याच्या एका कॉलेजच्या विज्ञानशाखेचे माहितीपत्रक. जूनपासून आपल्याला वाचून दाखवायला दुसरी मुलगी शोधावी लागेल, असे त्या म्हणाल्या. मी पुस्तिका घेण्यासाठी हात पुढे केला, कारण त्यांच्या डोळ्यांना शीण नको. उजेड जवळजवळ गेला होता आणि अक्षरे मुंगीएवढी होती.

त्यांनी ती मला दिली नाही. तेथेच पायरीवर बसून, चष्म्यावाचून, पहिले पान त्यांनी सबंध वाचून दाखवले. कोठेही अडखळल्या नाहीत.